अकरावी माशी

रिकाम्या माणसाला लोक म्हणतात, बसलाय माश्या मारत. आमचा हा गडी रिकामा नव्हता. त्याला माश्या मोजायची नोकरी होती.

पीकरक्षण कचेरीत नऊ वर्षं त्यानं दुसरं काही केलं नाही. गावात बेचाळीस जागी, कुणाच्या परसात, कुणाच्या वांग्याच्या वाफ्यात, कुणाच्या गॅलरीतल्या कुंडीत, हातभर काठीला एक पिवळं चिकट कार्ड टांगलेलं असायचं. बारक्या किडीला पिवळा रंग दिसला की तिला दम निघत नाही. कोवळं पान समजून ती धावत येते, बसते, आणि बसते ती कायमची. हा रोज सकाळी फेरीला निघायचा. एक डोळा मिटायचा, दुसऱ्यापुढं भिंग धरायचं, कार्डावरच्या माश्या मोजायच्या, आकडा वहीत लिहायचा, नवं कार्ड लावायचं आणि पुढं चालायचं. तोंडावर लोक त्याला मोजणीदार म्हणत. पाठ वळली की माशीमोज्या.

माणूस दिसायला असा, की दिसायचाच नाही. मातकट शर्ट, मातकट विजार, चेहराही त्यातलाच. भिंतीला टेकून उभा राहिला तर कुणी त्याच्यावर छत्री अडकवून जाईल. दुकानात ह्याच्या मागून आलेलं गिऱ्हाईक सामान घेऊन घरी पोचायचं, तेव्हा कुठं ह्याला 'काय हवंय' असं विचारलं जायचं. पण एक गुण त्याच्यात होता आणि तो त्याच्या वैऱ्यालाही नाकारता आला नसता. आकडा खोटा लिहायचा नाही. नऊ वर्षांत त्यानं सहाच्या जागी पाच लिहिले नव्हते. अर्धी माशी सापडली तर अर्धी लिहायचा.

राहायला तो थोरल्या बहिणीकडं, आक्काकडं. आई गेली तेव्हा हा पाच वर्षांचा. आक्कानंच त्याला वाढवला, आणि त्यात तिला वाढवायची खोडच लागली असावी, कारण पुढं ती रोपं वाढवायला लागली. घरामागं हिरव्या जाळीखाली टोमॅटो, मिरची आणि वांग्याची बारा हजार रोपं ट्रेमध्ये ओळीनं उभी असायची. आसपासचे मळेवाले तिच्याकडूनच रोपं न्यायचे. घरातली चूल त्या जाळीवर चालायची. आक्काची जीभ म्हणजे कातरी. रोपालाही ती गोड बोलायची नाही. "मान वर कर, मेल्या," म्हणायची, आणि रोप मुकाट मान वर करायचं.

त्या वर्षी गावात पाहुणी आली.

कचेरीच्या कागदात तिचं नाव परदेशी पांढरी माशी. लोकांनी तिची पाहुणी केली. शोभेच्या कुंड्यांबरोबर कुठून तरी खोक्यातनं उतरली म्हणतात. तिळाहून बारीक, अंगावर पीठ भुरभुरल्यासारखी. पानाच्या पोटाखाली बसून रस ओढायची. पानांवर चिकटा सांडायची, त्यावर काळी बुरशी धरायची, आणि महिन्याभरात झाड चुलीत घालून काढल्यासारखं दिसायचं. आधी जास्वंदी आणि गुलाब गेले, मग टोमॅटो, मग भोपळ्याचे वेल. पाहुणीचं एकच लक्षण तिच्यात नव्हतं. जायचं नाव घ्यायची नाही.

कचेरी म्हणजे बियाण्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. एकीत कार्डांचे गठ्ठे, दुसरीत साहेब. साहेबांचा जीव दोन गोष्टींवर. एक भिंतीवरचा नकाशा, दुसरी नियमावली. नियमावली तर त्यांना तोंडपाठ. कलम चार म्हणत होतं, कार्डावर दिवसाला दहापर्यंत माश्या चालतील. दहावर एक जरी गेली, तर त्या कार्डापासून पन्नास पावलांतलं सगळं हिरवं उपटायचं, काळ्या पिशव्यांत बांधायचं आणि जाळायचं. कलम सात म्हणत होतं, पाहुणी येते कुठून ते मूळ सापडलं, तर आधी मूळ हटवायचं आणि आसपासच्या झाडांना पंधरा दिवस मुदत द्यायची. सातवं कलम कोरं करकरीत होतं. मूळ कुणालाच सापडलं नव्हतं.

आता कोटाचं सांगतो. मातकट माणूस दुसऱ्याच्या परसात वाकून काहीतरी बघतोय म्हटल्यावर लोकांनी काय समजायचं? एका म्हाताऱ्या पोस्टमननं ह्याला जास्वंदीमागं पकडला आणि चोर समजून झाडूनं धुतला. हा "मोजणी, मोजणी" म्हणून बोंबलतोय, आणि म्हाताऱ्याला ऐकू कमी. झाडू मोडला तेव्हाच प्रकरण मिटलं. साहेबांनी वर लिहिलं. वरच्या कचेरीनं चार महिने विचार केला आणि कर्मचारी लांबून दिसावा म्हणून कोट पाठवले. गुडघ्यापर्यंत लांब, नायलॉनचे, आणि पिवळे म्हणजे असे पिवळे की डोळ्याला पाणी यावं. कार्डांचा रंग उरला असेल, तोच वापरला असावा. पाठीवर काळ्या ठळक अक्षरांत लिहिलेलं: आपल्या पिकाचा रखवालदार.

ह्यानं कोट चढवला आणि जन्मात पहिल्यांदा तो लोकांना दिसला. किराणावाला "या" म्हणाला. सायकलवाले घंटी वाजवून बाजूनं जायला लागले. न्हाव्यानं तर चालू दाढी सोडून ह्याला खुर्ची पुसून दिली. गडी हरखला. कोट रात्री कचेरीच्या खुंटीला टांगताना त्याची बाही सरळ करून जायचा.

आणि त्याच महिन्यात पाहुणी गावभर सुटली.

साहेब रोज नकाशात लाल टाचण्या टोचायचे. एके दिवशी त्यांनी ह्याला जवळ बोलावलं.

"हे बघ. वाऱ्यानं पसरली असती तर गोल पसरली असती. ही रस्त्यानं चाललीय."

"शहाणी आहे, साहेब."

"शहाणी कसली, सुशिक्षित आहे! चौकातनं वळते. चहाच्या टपरीपाशी थांबते, टपरीवाल्याच्या दोन्ही कुंड्या गेल्या. तिथनं न्हाव्याकडं जाते. न्हाव्याकडं कशाला?"

"त्याच्या दारात गुलाब आहे ना."

"आणि ही गोष्ट कुणाला सांगू नकोस." साहेबांनी आवाज खाली घेतला. "रविवारी पसरत नाही. सुट्टी घेते. मागं तू चार दिवस तापानं पडला होतास, त्या चार दिवसांत एक टाचणी वाढली नाही."

माशीमोज्यानं खूप विचार केला. "तिलाही ताप आला असेल, साहेब. साथच होती."

साहेबांनी वर अहवाल पाठवला: कीड शिस्तप्रिय असून वेळापत्रक पाळते. शत्रू एवढा शिस्तीचा, तर आपणही कंबर कसायला हवी म्हणून हुकूम काढला. फेरी एकाऐवजी दोन, सकाळी आणि दुपारी. आणि रखवालदारानं कोट दिवसभर अंगावर ठेवायचा, घरी जातानासुद्धा, म्हणजे लोकांना धीर येईल.

लोकांना धीर आला नाही. ह्यानं मोजायचं आणि दुसऱ्या दिवशी पिशवीवाल्यांनी येऊन उपटायचं. पोस्टमनची जास्वंद काळी पडायला लागली. शाळेमागच्या मळ्यातला टोमॅटो गेला. पिवळा कोट गल्लीच्या तोंडाला दिसला की बायका कुंड्या उचलून आत पळायच्या. ह्याला वाईट वाटायचं, पण दिसतोय तरी, हेही वाटायचं. दिवेलागणीला तो तसाच कोटात घरी यायचा, जाळीच्या दारात कोट सारखा करत ओळींमधून एक चक्कर टाकायचा आणि मग हातपाय धुवायचा.

आक्काच्या जाळीतलं कार्ड बेचाळिसावं, फेरीतलं शेवटचं. नऊ वर्षं त्यावर शून्य लिहिलेलं. कोट घरी यायला लागल्याच्या आठव्या दिवशी ह्यानं भिंग धरलं, मोजलं, डोळा बदलला आणि परत मोजलं.

अकरा.

आक्का मिरचीच्या ट्रेवर पाणी मारत होती. "काय रे, कार्डाला मुका देतोयस का? केव्हाचा चिकटलायस."

"आक्का, अकरा आहेत."

आक्काच्या हातातली झारी तशीच वाकडी राहिली. महिनाअखेरीला मळेवाले रोपं न्यायला यायचे होते. पन्नास पावलांत जाळी तर जातच होती, दारातली तुळईवर चढवलेली वेलसुद्धा जात होती.

"दहा लिही."

"अकरा आहेत."

"एक माझ्याकडं बघून सोड. तुझं नाक पुसलंय मी, तुझ्या उवा काढल्यात."

"त्याही तू मोजायचीस, आक्का. खोट्या नाही मोजल्यास कधी."

आक्कानं झारी आपटली. "सगळ्या गावात शोधून एकच खरा माणूस निघाला, तो माझ्याच घरात जेवायला!"

ह्यानं अकरा लिहिले. आकडा सरळ आला. मग नोटीस फाडून दिली आणि, नियम म्हणजे नियम, खालचं बारीक अक्षरही वाचून दाखवलं: कलम नऊ, मालकाची हरकत असेल तर साहेबांसमोर फेरमोजणी मागता येईल.

"मागितली," आक्का म्हणाली. "आणि आज तुझं ताट पायरीवर. आत येऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी साहेब जातीनं आले, नवा कोरा पिवळा कोट घालून. मागं पिशवीवाले चौघं. साहेबांनी भिंग धरून मोजलं. अकरा. पिशवीवाल्यांतल्या म्होरक्यानं मोजलं. अकरा. आक्कानं मोजलं. तिचेही अकराच भरले, आणि तिला अकरावी माशी कार्डावरून नखानं उडवता आली असती, पण उडवली नाही. शेवटी एकाच आईची दोघं.

"वाईट वाटतं, आक्का," साहेब म्हणाले आणि ट्रेच्या कडेनं मागं सरकले. सरकताना कोटाचा घेर टोमॅटोवर घासला. पानं हलली. पानांखालून पांढरं पीठ उधळावं तशा माश्या उठल्या, हवेत एक गिरकी घेतली आणि अर्ध्या साहेबांवर, अर्ध्या माशीमोज्यावर जाऊन बसल्या. पिशवीवाले मातकट कपड्यांत होते. त्यांच्याकडं एकीनं ढुंकून पाहिलं नाही.

आक्का बघतच राहिली. "हलू नका. दोघंही हलू नका. साहेब, त्या कार्डाचा रंग कोणता?"

"पिवळा."

"का बरं पिवळा?"

"पिवळ्यावर माशी येते, म्हणून. हे तर सगळ्यांना—" साहेबांचं वाक्य तिथंच लोंबकळलं. त्यांनी हळूच स्वतःच्या बाहीकडं पाहिलं.

"कार्डाला चिकट असतं, ती तिथंच मरते," आक्का म्हणाली. "ह्या कोटाला चिकट नाही. ही बसते, गल्लीभर फिरते आणि आवडेल त्या दारात उतरते. कार्ड कसली मोजताय? ह्याला मोजा! काखेत कळसा आणि गावाला वळसा."

नियमच होता, मोजणी मागितली तर नाही म्हणता येत नाही. माशीमोज्यानं स्वतःला पुढून मोजलं. पाठ साहेबांनी मोजली. कॉलर उलटवून आक्कानं मोजली. खिशातल्या माश्या म्होरक्यानं मोजल्या. बेरीज तीनशे सात. ह्यानं वहीत लिहिलं, स्वतःच्या हातानं, तीनशे सात, आणि 'ठिकाण' ह्या रकान्यात 'मी' असं लिहिलं. मग खाली बसला. चौक, टपरी, न्हावी, रविवार, ताप, सगळ्या टाचण्या त्याला एकदम टोचल्या.

"म्हणजे पोस्टमनची जास्वंद..."

"तूच," आक्का म्हणाली.

"आणि शाळेमागचा मळा..."

"तूच. पाठीवर लिहिलंय ना, रखवालदार. कुंपणानंच शेत खाल्लं."

साहेबांनी आपला कोट काढून घडी घातली. "माझा नवा आहे," एवढंच म्हणाले. मग त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. "म्हणजे मूळ सापडलं! कलम सात!" आणि लगेच उजेड मावळला. "मूळ हटवायचं. कोट जाळायला चार सह्या लागतात. त्यातला एक जण निवृत्त झालाय, त्याच्या जागी अजून कुणी आलेलं नाही. कोट कचेरीत लपवावा, तर वर्दी घालणं सक्तीचं. आणि कर्मचारी उपटायची तरतूद नाही."

"नशीब त्याचं," म्होरक्या म्हणाला.

आक्का घरात गेली आणि एरंडेलाचा डबा घेऊन आली, बिजागरीला तेल लावायचा ब्रशसुद्धा. काही न विचारता तिनं भावाला गरकन फिरवला आणि पाठीपासून सुरुवात केली. दार रंगवावं तसा रंगवला. कॉलर, बाह्या, खिशाच्या झडपा. "कार्डाला जे असतं तेच ह्याला. आता बसली की उठायची नाही. साहेब, हटवलं की नाही मूळ?"

साहेबांनी वही पुढं ओढली आणि लिहिलं: मूळ चिकट करण्यात आले. मुदत पंधरा दिवस. पंधराव्या दिवशी कार्डावर दहा किंवा कमी, तर रोपं राहतील. जास्त, तर पिशव्या.

पंधरा दिवस हा माणूस एरंडेलात होता. सकाळी फेरी, दुपारी फेरी, आणि उरलेला वेळ जाळीत. आक्का त्याला कुंडीसारखी हलवायची. "मिरचीत झालं. आता वांग्यात सरक. हात पसर. अरे, बुजगावणं तरी हात पसरतं!" उभ्या उभ्या त्याला जेवायला घालायची, घास भरवताना शिव्याही घालायची. संध्याकाळी कोटावरच्या मोजायच्या, खरडायच्या, परत एरंडेल. पहिल्या दिवशी पाचशेच्या वर निघाल्या. कोटाला दुसरंही काय काय चिकटलं होतं. कोंबडीची पिसं, बसची तिकिटं, कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका. ती त्यानं नेऊन दिली.

आठवड्याभरात गावाला वास लागला. पोस्टमन फाटकात उभा राहून ओरडला, "ओ रखवालदार! जरा आमच्या जास्वंदीत उभे राहता का? झाडूचं विसरा, झाडू माझाच मोडला." हा अर्धा तास उभा राहिला. मग न्हाव्यानं बोलावलं. मग टपरीवाल्यानं. कुणी भोपळ्याच्या मांडवाखाली स्टूल मांडून ठेवायचं. ज्या गल्लीत कुंड्या आत पळायच्या, तिथं त्या बाहेर काढून ओळीनं मांडलेल्या असायच्या. कुणी त्याला बसवलं नाही, कारण बसला की स्टूल सोबत यायचं.

पण बेचाळीस नंबरचं कार्ड हट्टाला पेटलं होतं. अकरा, चौदा, तेरा, अकरा. चौदाव्या दिवशीही अकरा. आक्का बोलायची बंद झाली, आणि ती बोलायची बंद झाली की घर भितं. रात्रीचं ताट मात्र तिनं आत वाढलं.

पंधराव्या दिवशी साहेब आले, पिशवीवाले आले, बाहेर टेम्पो उभा राहिला. साहेबांनी नियम सांगितले. मोजणीच्या वेळी कोट फाटकाबाहेर. आणि कलम अकरा: मोजणी चालू असताना, म्हणजे शिक्का पडेपर्यंत, कार्डाजवळ वारा घालणं, हात हलवणं, फुंकणं, हा गुन्हा. मोजायचं कुणी? आक्का म्हणाली, "हाच मोजेल. खोटं बोलायची अक्कल त्याला नाही."

ह्यानं एक डोळा मिटला. "एक. दोन." म्होरक्यानं पिशवीचं तोंड उघडून धरलेलं. "सात. आठ." आक्का कार्डाच्या पलीकडं, हाताची घडी घालून. "नऊ." भिंग कार्डाच्या खालच्या कोपऱ्यात आलं. "दहा."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, आणि तेवढ्यात मिरचीच्या ट्रेमधून एक माशी उठली.

एकटीच. सरळ कार्डाकडं. कार्डाभोवती एक फेरा, मग दुसरा. बसू की नको असा तिचा विचार चाललेला. सगळे तिच्याकडं बघत होते आणि कुणी श्वास सोडत नव्हतं, कारण श्वासही वाराच. तिसऱ्या फेऱ्याला ती जरा लांब गेली, आणि आक्काच्या नाकाच्या शेंड्यावर बसली.

आक्काचे दोन्ही डोळे नाकाकडं वळले. घडी घातलेले हात तसेच. हलवलं असतं तर ती उडून कार्डावरच गेली असती. साहेब त्यांच्या सुरेख अक्षरात लिहीत होते. तारीख. वार. वेळ. हवामान. हवामानाला त्यांनी 'अंशतः ढगाळ' लिहिलं, वर बघून 'निरभ्र' केलं. माशी आक्काच्या नाकावरून थोडी वर चालत गेली, तिथली हवा बघून परत खाली आली.

"तुमचं काही म्हणणं, आक्का?"

आक्का गप्प.

"काहीच नाही?"

आक्का गप्प. डोळ्यांतून पाणी आलं, पण तोंड बंद.

"एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तुम्ही नियमाला मान दिलात," साहेब भारावून म्हणाले आणि शिक्का उमटवला. पिशवीवाल्यांनी पिशव्यांची घडी केली. फाटक वाजलं. टेम्पो सुरू झाला, वळला, गेला.

फाट्!

आक्कानं स्वतःच्या नाकावर अशी चापट मारली की तीच दोन पावलं मागं गेली. तळहात उघडून पाहिला. मग लाल नाकानं भावाकडं पाहिलं. त्यानं वही काढली होती.

"काय लिहितोयस?"

"जे आहे ते."

"अरे करंट्या, शिक्का पडलाय!"

"कार्डाचं बदलत नाही. कार्ड दहाच." आणि त्यानं खाली सरळ अक्षरात लिहिलं: कार्ड दहा. नाक एक.

मळेवाले महिनाअखेरीला आले आणि बारा हजार रोपं घेऊन गेले. वही कचेरीत पोचली, तेव्हा साहेब त्या ओळीपाशी थांबले. नाकाला कलम नव्हतं. ते लाल टाचणी हातात धरून नकाशासमोर बराच वेळ उभे राहिले आणि शेवटी ती परत डबीत ठेवली.